शेजारची सीट

माझ्या भावोजींशी भांडण्यात काही राम नाही. आपण तावातावाने बोलावं आणि समोरच्याने नुसतं "बरं" म्हणावं, याला काय भांडण म्हणायचं? तीस वर्षं त्यांनी एका कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या गाड्या चालवल्या आणि त्या नोकरीने त्यांच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते घरी आल्यावरही निघायचं नाही. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "आमच्या घरात बोलायलाही मी आणि ऐकायलाही मीच."

नोकरीचे त्यांचे नियम होते. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आरसा असा लावायचा की मागची काच दिसावी, मागच्या माणसाचं तोंड दिसू नये. गाडीत जे कानावर पडेल ते गाडीतच सोडून यायचं. आणि ब्रेक असा दाबायचा की मागे बसून सही करणाऱ्याच्या सहीला शेपूट फुटू नये. साहेब बदलत गेले, चार झाले की पाच, प्रत्येकाने जाताना या शेवटच्या गोष्टीचं कौतुक केलं. ते कौतुक घरी कळायचं ते ताईने तीनदा खोदून विचारल्यावर.

माझाही संबंध गाड्यांशीच, पण माझं तोंड चालतं. मी सीटा शिवते. एक शटर, जाड सुईचं एक मशीन, फोमचे गठ्ठे आणि दिवसभर नाकात बसलेला रेक्झिनचा वास, एवढं माझं दुकान. बावीस वर्षं हेच केल्यामुळे सीटवरून हात फिरवला की त्यावर कोण बसत होतं ते मला कळतं. जाडा होता की बारीक, खिशात किल्ल्या ठेवायचा का, उतरताना कुठल्या बाजूला रेलायचा. नवरे-बायका खोटं बोलतील, फोम बोलत नाही.

भावोजी निवृत्त झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात ताई जिन्यावरून पडली. खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं, हाड जुळलं, पण ताईचं धैर्य मात्र त्या जिन्यावरच राहून गेलं. वर्षभर ती एका खोलीत होती. पलंग, खिडकी आणि चारही पायांखाली लाकडी ठोकळे लावून उंच केलेली एक खुर्ची. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईला मी दारापर्यंत सोडायला गेले की ती हळूच सांगायची, "पाय आता चालेल. पण त्यांना बाहेर काढा. नाहीतर त्या या खुर्चीतच म्हाताऱ्या होतील."

एकदा काढलंही होतं. भाड्याची छोटी गाडी बोलावली. बसताना ताई धपकन खाली गेली आणि उतरताना दवाखान्याच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, तिला दोघांनी पोतं ओढावं तसं ओढून काढलं. घरी आल्यावर ती खूप रडली आणि म्हणाली, "आता मला कुठे नेऊ नका. माझं खिडकीतून चाललंय." माझी ही ताई, जी एके काळी भाजी आणायला गेली तर दोन तासांनी परतायची, ती असं म्हणाली.

त्यानंतर एका संध्याकाळी भावोजी कोणी न विचारता बोलले. "आपण गाडी घेऊ. हिला बसता येईल अशी."

"कुठली?" मी विचारलं.

"चांगली."

भावोजींच्या लेखी चांगली गाडी म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. तीस वर्षं महागड्या गाड्या चालवलेल्या माणसाच्या हाताला दुसरं काही लागत नाही. नाकापेक्षा मोती जड होईल, असं मी म्हणून पाहिलं. ते "बरं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन गाडी बघायला निघाले.

पहिली गाडी म्हणजे त्यांचीच. कंपनीत जुनी गाडी विकायला काढली की जो ती चालवत होता त्याला आधी विचारायची पद्धत होती. लांबलचक काळी सेडान, अकरा वर्षं भावोजींच्या हाताखाली. नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळत होती. कंपनीच्या तळघरातल्या गॅरेजमध्ये ती उभी होती आणि तिथे पोचल्यावर भावोजींची चालच बदलली. त्यांनी खिशातून फडकं काढलं, मागच्या दाराची मूठ पुसली, दार उघडलं आणि बाजूला होऊन उभे राहिले. मी साहेब असल्यासारखी आत बसले.

काय सीट होती ती. पाय लांब करावेत तर पुढे काही लागत नाही. खिडकीला पडदा, हात टेकायला मऊ जागा, पाठीला हवा तेवढा कल. "हिला इथे बसवायचं," भावोजी बाहेरूनच म्हणाले. "तीस वर्षं दुसऱ्यांना इथे बसवलं. आता हिला."

माणूस बोलत नाही, पण बोलला की असं बोलतो.

मग मी माझ्या कामाला लागले. मागची एक सीट बसून बसून मऊ झालेली, पण जिवंत. भावोजींची सीट दाराच्या बाजूने खचलेली, रोज शंभर वेळा उतरून दार उघडणाऱ्याची असते तशी. आणि त्यांच्या शेजारची सीट कोरी. अकरा वर्षांच्या गाडीत कोरी सीट मी पहिल्यांदाच बघत होते. चामड्याला एक सुरकुती नाही, फोमवर हात दाबला तर टणकन परत आला.

"इथे कोणी बसत नव्हतं?" मी विचारलं.

"तिथे कोण बसणार? साहेबांची बॅग असायची. पावसाळ्यात छत्री."

मी टेप काढली. घरच्या खुर्चीची उंची मी आधीच मोजून आणली होती, ठोकळ्यांसकट एकवीस इंच. तेवढ्यावरून ताई कोणाचा हात न धरता उठायची. सेडानची मागची सीट भरली अठरा. "तीन इंच कमी," मी म्हटलं. भावोजींचा चेहरा पडला.

म्हणून दुसरी गाडी. एक एसयूव्ही, पांढरी, तीही वापरलेलीच पण वयाने पुष्कळ लहान. ताई-भावोजींची मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात राहते, तिने फोनवर एकच घोषा लावला होता, "बाबा, हल्ली सगळे हीच घेतात." ती घ्यायची तर भावोजींची सगळी शिल्लक लागणार होती. जुन्या गाड्यांचा डीलर चाव्यांचा जुडगा वाजवत आमच्याभोवती फिरत होता आणि छताची काच उघडून दाखवत होता, जणू माझ्या ताईला छतातून आत सोडायचं होतं.

भावोजींनी ती चालवून पाहिली. एक वळण घेतलं, दोन ब्रेक लावले. उतरल्यावर मी विचारलं, "कशी आहे?"

"उंच आहे."

"ते मलाही दिसतंय."

"सगळ्यांच्या डोक्यावरून दिसतं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ही जवळजवळ शिवीच होती. उंटावरून शेळ्या हाकणं त्यांच्या स्वभावात नाही.

टेप लावली तर अठ्ठावीस इंच. एक सात इंचांनी उंच, एक तीन इंचांनी बुटकी. मला मात्र आनंद झाला, कारण तीन इंच ही काय अडचण आहे? माझा धंदाच तो. एसयूव्ही कापून बुटकी करता येत नाही, पण सेडानच्या सीटवर घट्ट फोमची उशी बसवणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. मी म्हटलं, "भावोजी, तुमची काळीच घ्या. मी ताईला तिच्यात बसवून दाखवते." त्या दिवशी भावोजी घरापर्यंत स्वतःशी गुणगुणत आले. बॅग आणि छत्रीसाठी राखलेल्या त्या कोऱ्या सीटची गंमत मी ताईला सांगितली.

दोन दिवस बसून मी उशी शिवली. काळं चामडं मिळालं नाही म्हणून काळं रेक्झिन लावलं, पण शिलाई अशी मारली की भावोजींनाही सीट कुठे संपते आणि उशी कुठे सुरू होते ते कळेना. गॅरेजवाल्याने ओळखीवर दोन दिवसांसाठी चावी दिली. शनिवारी सकाळी ताई जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरली. भावोजी मागचं दार उघडून उभे होते, इस्त्रीचा शर्ट, पाठ ताठ. ताई उशीवर बसली, पाय आत घेतले. कोणाचा हात लागला नाही. मी दारातच थांबले. "तासभर तरी फिरून या," मी म्हटलं. "घाई करू नका."

पंधरा मिनिटांत गाडी परत आली.

ताई उतरली, तीही कोणाच्या मदतीशिवाय. पण वर आल्यावर ती खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघायला लागली आणि म्हणाली, "मला नाही जमत. नका घेऊ."

भावोजी बराच वेळ पाण्याचा ग्लास हातात धरून उभे होते. त्यांना वाटलं, खुबा दुखला असणार. मग त्यांनी डीलरला फोन लावला आणि ती पांढरी एसयूव्ही कोणाला देऊ नका, मी सोमवारी येतो, असं सांगितलं. चढायला पायरी बसवून घेऊ म्हणाले. आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. मी ओळखलं की हा माणूस आपल्या जिवाची वस्तू सोडतोय आणि आपण विचारल्याशिवाय ते सांगणार नाही.

ते खाली गेल्यावर मी ताईला धरलं. "घोडं कुठे अडलं? उशी टोचली?"

"उशी छान आहे गं."

"मग?"

"मागे मी एकटी. पुढे यांची पाठ. मी म्हटलं, किती बदललाय रस्ता, तर हे म्हणाले, 'हो.' मी म्हटलं, खिडकी उघडू का, तर म्हणाले, 'उघडा.' उघडा म्हणाले मला. तीस वर्षांत अहोजाहो केलं नाही त्या माणसाने. आरशात बघितलं तर आरशातही नाहीत. मला वाटलं, मी कोणा परक्याच्या गाडीत बसलेय. यापेक्षा माझी खिडकी बरी."

मला हसू आलं आणि रागही आला, आणि तो जास्त माझा मलाच आला. भावोजींचं ठीक, त्यांना चांगली जागा म्हणजे मागची जागा, एवढंच माहीत. पण मी? त्यांनी मागची सीट दाखवली आणि मीही मेंढरासारखी मागेच टेप लावली. नवरा-बायको फिरायला निघाले की बायको कुठे बसते, हे मला कोणी शिकवायला हवं होतं का?

"सांग की त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगू? इतक्या हौसेने दार धरून उभे होते. आणि तूही मध्ये तोंड घालू नकोस."

मी घातलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. पण रविवारी सकाळी जेव्हा भावोजी गाडी परत करायच्या आधी तिला पुसायला खाली गेले, तेव्हा मी ताईला खिडकीशी नेऊन उभं केलं. ते चाकाच्या आतल्या बाजूला हात घालून पुसत होते, जिथे कोणी बघत नाही तिथे. मग त्यांनी टपावर हात ठेवला आणि नुसते उभे राहिले.

ताईने चप्पल घातली.

खाली आल्यावर तिला बघून भावोजी धावले आणि सवयीने मागचं दार उघडलं. ताई त्या दाराच्या पुढून गेली आणि पुढच्या दाराशी थांबली.

"मी इथे बसणार," ती म्हणाली.

"तिथे?" भावोजी गोंधळले. "तिथे आराम नाही."

"छत्रीला होता ना आराम?"

मी टेप काढली. पुढची सीट पण अठराच. माझी तीन इंचांची उशी तिथे बसेना, कारण पुढच्या सीटच्या कडा वर आलेल्या, उशी मध्येच अडकून डगमगत होती. मी उलटी करून पाहिली, दाबून पाहिली, चार शिव्याही घातल्या. ताई काठीवर भार देऊन उभी होती आणि तिचा चेहरा परत खिडकीत बसल्यासारखा व्हायला लागला होता. माझ्या अगदी ओठांवर आलं की आता हिला वर नेते आणि विषय संपवते.

"ती वर येते," भावोजी हळूच म्हणाले.

"काय वर येते?"

त्यांनी वाकून सीटच्या कडेचं बटण दाबलं. बारीक घरघर झाली आणि ती कोरी सीट सावकाश वर आली. मी टेप लावली. वीस इंच.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "दोन दिवस मी फोम कापत बसले होते. हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"पुढच्या सीटचं कोणी विचारलं नाही."

काखेत कळसा म्हणतात तो हा. मी तिथेच पायरीवर बसून माझी सुंदर उशी उसवली, दोन इंच फोम काढून टाकला आणि उरलेला एक इंच त्या सीटवर ठेवला. ताई पाठमोरी झाली, टेकली, पाय आत घेतले. मग तिने पट्टा ओढला, आणि दार स्वतःच लावून घेतलं. ते दार बाहेरून आपणच लावायचं असतं असं समजून भावोजी हात पुढे करून उभे होते. त्या हाताचं काय करायचं ते त्यांना कळेना.

मी मागे बसले. साहेबांच्या जागेवर, ऐटीत.

गाडी निघाली. भावोजींचे डोळे रस्त्यावर, मान सरळ. ताईने आधी बाहेर बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं. गाडी चालवणारा आपला नवरा तिने याआधी असा शेजारी बसून पाहिलाच नव्हता.

"बोला की काहीतरी," ती म्हणाली.

"गाडी चालवताना मी बोलत नाही."

"मग मी विचारते. विचारल्यावर तर बोलायचं ना?" आणि तिने बोट दाखवलं. "ती कसली इमारत?"

"बँकेचं मुख्य कार्यालय."

"तिथे यायचात?"

"दर मंगळवारी. साहेब आत, मी त्या भिंतीशी. दुपारी तिथे सावली असते. तुझा डबा तिथे खायचो."

ताई वळून त्या भिंतीकडे बघत राहिली, ती मागे जाईपर्यंत. तिने तीस वर्षं डबे भरले होते. ते कुठे उघडतात ते तिला माहीत नव्हतं.

"आणि सोमवारी?"

सोमवारी कोर्टाच्या मागे, जिथलं एक कुत्रं ओळखीचं झालं होतं. बुधवारी मोठ्या हॉटेलच्या मागच्या फाटकाशी, जिथला पहारेकरी गुडघ्याने अधू होता आणि भावोजी त्याला आपल्या जागेवर टेकू द्यायचे. भावोजी वळणं घेत गेले आणि दाखवत गेले. आमच्या सगळ्यांच्या शहरात दुकानं आणि शाळा होत्या. त्यांच्या शहरात नुसत्या थांबायच्या जागा होत्या, आणि प्रत्येक जागेची सावली किती वाजता येते ते त्यांना पाठ होतं. ताईला विचारावं लागेनासं झालं.

एका जुन्या कार्यालयाच्या फाटकापाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं.

"इथे मला कळलं," ते म्हणाले, "मुलगी झाली ते."

ताई त्यांच्याकडे वळली.

"साहेबांची मीटिंग चालू होती. तू दवाखान्यात. मी पहारेकऱ्याला सांगून ठेवलं होतं, फोन आला तर हाक मार. चार वाजता त्याने हाक मारली. मुलगी आहे, दोघी बऱ्या आहेत. मीटिंग आठला संपली. तोवर मी इथे, या खांबाशी उभा होतो. गाडीत बसवेना. रडत होतो. साहेब आले तेव्हा डोळे पुसले आणि दार उघडलं."

"तुम्ही रात्री आलात," ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मला वाटलं, मुलगी झाली म्हणून उशिरा आलात. अठ्ठावीस वर्षं वाटत होतं. विचारलं नाही मी."

"नाही," भावोजी म्हणाले. "नाही गं."

मी मागे बसून खिडकीबाहेर बघत होते आणि माझे डोळे वाहत होते. पण मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. त्या फाटकाशी आता कोणी पहारेकरी नव्हता. भावोजींनी नाक पुसलं, त्याच फडक्याने, ज्याने ते मूठ पुसायचे. मग त्यांना एकदम आपण किती बोललो त्याची लाज वाटल्यासारखी झाली. त्यांनी चावी फिरवली, आरशात बघितलं, आणि विचारलं, "फार बोललो का?"

"बोला हो," ताई म्हणाली आणि सीटवर नीट मागे रेलली. "मला कुठे उतरायचंय?"